खळ लावलेली खिडकी

त्रेचाळीस हिवाळ्यांत माझ्या घरात वारा शिरला नाही. चोर शिरला, शेजारची शेळी शिरली, माझ्या जावेचं नाक तर रोजच शिरायचं. वारा मात्र नाही. नारीन शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथला वारा आगाऊ पाहुण्यासारखा, दाराला बोटभर फट दिसली की थेट अंथरुणात. पण माझ्या खिडक्यांपाशी तो नाक घासून परत जायचा. त्याचं सगळं श्रेय खळीला. कणकेची, मंद आचेवर ढवळलेली, एकही गुठळी नसलेली खळ.

आमच्याकडे खिडकीला दोन चौकटी. बाहेरची बारा महिने, आतली फक्त हिवाळ्यात. ऑक्टोबर लागला की आतली माळ्यावरून काढायची. दोन्हींच्या मधल्या फळीवर कापूस अंथरायचा, काचांवर ओल धरू नये म्हणून पेलाभर मीठ ठेवायचं, चौकट बसवायची, चार खिळे ठोकायचे आणि सगळ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवायच्या. एकदा चिकटवली की ती खिडकी मार्चात, नवरोजच्या सणालाच उघडायची. मध्येच उघडणारी बाई मी पाहिलेली नाही. म्हणजे एक पाहिली. तिचंच सांगते आहे.

माझे यजमान दोरोनबेक गावच्या शाळेत गणित शिकवायचे. पट्ट्या त्यांनी तपासलेल्या मुलांच्या जुन्या वह्यांच्या. त्यामुळे हिवाळाभर आमच्या काचांभोवती गणितं असायची आणि त्यांवर दोरोनबेकच्या लाल पेन्सिलीचे शेरे. ‘चूक.’ ‘पुन्हा सोडव.’ ‘शेजारच्याचं बघून लिहिलंस, पण तोही चुकला आहे.’ चहा पिता पिता मी वाचायची. दोन वर्षांमागे ते गेले. मग मीच पट्ट्या कापायला लागले. ही गोष्ट घडली त्या शरदात वह्यांच्या चळतीतल्या शेवटच्या दोन उरल्या होत्या.

आणि त्याच शरदात आमचा तालाय राजधानीतून आला. एकुलता एक मुलगा. तीन पेले चहा प्याला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, “आई, यंदा हिवाळ्याला बिश्केकला चल.”

“का? तिथे बर्फ पडत नाही?”

“तिथे भिंतीत गरम पाण्याचे नळ आहेत. कोळसा ओढायला नको.”

“आणि मी निजू कुठे तुझ्या त्या दोन खोल्यांत?”

“बघू काहीतरी.”

‘बघू काहीतरी’ नावाच्या खोलीत मला निजायचं नव्हतं. मी म्हटलं, “मी माझ्या घरात राहणार. चिमणी साफ केली आहे, कोळसा भरला आहे, गोवऱ्यांची भिंत बघ मागे, तुझ्या सिमेंटच्या भिंतीपेक्षा सरळ आहे.”

“काकू म्हणत होती, तू हल्ली विसरतेस.”

काकू म्हणजे कुलायिम, माझी धाकटी जाऊ. कुंपणापलीकडे राहते. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला राहायला घर नव्हतं. मी विसरते आहे, हे तिला बरोबर तेव्हाच आठवलं.

शेवटी तालायनं अट घातली. रोज संध्याकाळी सहाला तो फोन करणार, मी उचलायचा. लागोपाठ तीन दिवस उचलला नाही तर तो येणार, मला गाडीत घालणार, घराला कुलूप लावणार आणि किल्ली काकूकडे देणार.

“तीन काय, एक दिवससुद्धा चुकणार नाही,” मी म्हटलं.

आमच्या घरात फोनला रेंज एकाच जागी यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेही काचेला चिकटवला तर. म्हणून फोनचा मुक्काम त्या फळीवरच, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीला टेकून उभा. जुना बटणांचा फोन. एकदा भरला की आठवडा चालायचा. वाजला की बटण दाबायचं, आवाज मोठा करायचा आणि कणीक मळता मळता बोलायचं.

तालाय गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडक्या बंद करायला घेतल्या. निजायची खोली झाली, बैठक झाली, शेवटी स्वयंपाकघर. फळी पुसली. बरणी उचलून कपाटात ठेवली. फोन उचलला, खालची धूळ पुसली आणि इतक्या महिन्यांच्या सवयीनं जिथल्या तिथे उभा केला, बरणीच्या जागी मिठाच्या पेल्याला टेकवून. त्याच्याभोवती कापूस नीट सारखा केला. नीट म्हणजे किती नीट, तर बाळाला दुपट्यात ठेवावं तसा. मग चौकट बसवली. खिळे ठोकले. तिच्या एका काचेला जुना तडा होता, म्हणून तिथे जरा जास्तच खळ लावली. पट्ट्या चिकटवल्या, बोटानं दाबल्या, मागे सरकून बघितलं. इतकी सुंदर खिडकी मी आयुष्यात केली नव्हती.

सहा वाजता ती वाजायला लागली.

मी आधी टेबलावर शोधलं. मग खिशात. मग आवाजाच्या दिशेनं गेले आणि बघितलं, तर काचेपलीकडे, कापसात बसून, माझा फोन हिरवा उजेड पाडत थरथरत होता. वर तालायचं नाव. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. दोरोनबेकचा शेरा बरोबर त्याच्यावर आला होता. ‘उत्तराआधी प्रश्न वाच.’

तुम्ही म्हणाल, मग उघडायची खिडकी. तुम्हाला म्हणायला काय जातं? खळ ओली असताना पट्टी ओढली तर कागद फाटतो, आणि त्या शेवटच्या वह्या होत्या. खिळा उपटला तर तडा गेलेली काच फुटते, आणि काच मिळते नारीनला. शिवाय त्याच दुपारी मी कुंपणावरून कुलायिमला ऐकवलं होतं, “तुझ्या त्या प्लॅस्टिकच्या खिडक्या रोज उघडझाप. माझी लागली की लागली, नवरोजपर्यंत.”

तालायला दुसरीकडून कळवावं, तर त्याचा नंबर होता कुठे? फोनमध्ये. आणि गावात दुसरा कुणाकडे होता? कुलायिमकडे. कुलायिमला सांगायचं काय? की बाई, मी फोन खिडकीत चिणला? त्यापेक्षा किल्लीच नेऊन दिलेली बरी. फोन नऊ वेळा वाजला. मी समोर स्टुलावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलायिम आलीच.

“जाऊबाई, तालायनं मला फोन केला. तुम्ही उचलत नाही म्हणाला.”

“फोन बिघडलाय. त्याला सांग, मी ठणठणीत आहे.”

“बिघडलाय? बघू. माझा मुलगा दुरुस्त करतो.”

“नको. असू दे.”

“आहे कुठे पण?”

मी खिडकीचा पडदा ओढून त्यापुढे उभी होते. आयुष्यभर कणीक मळून मी चांगली रुंद झाले आहे, त्याचा तेवढा एक उपयोग. “ठेवलाय,” मी म्हटलं. आणि त्याच क्षणी, अवेळी, माझ्या पाठीमागे फोन वाजायला लागला. आईच्या काळजीनं माझा मुलगा सहा वाजायची वाट बघेना.

कुलायिमनं मान वाकडी केली. “हे काय वाजतंय?”

“रेडिओ.”

“एकच सूर लावलाय रेडिओनं?”

“हल्ली असंच लावतात.”

ती दाराकडे वळली. चहासुद्धा न पिता गेली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आमच्याकडे चहा न पिता कुणी गेलं म्हणजे एक तर भांडण असतं किंवा बातमी. तासाभरात तालायला कळलं की आईला फोन रेडिओ वाटतो.

दुपारी साल्किन आली. गावच्या दवाखान्यातली नर्स. माझ्यासमोर नाक पुसायला शिकलेली पोर. पांढरा डगला, गळ्यात नळी.

“आजी, सहज आले. रक्तदाब बघू का?”

“बघ. पण सहज म्हणू नकोस, सहज येणारी माणसं डगला घालून येत नाहीत.”

तिनं दंडाला पट्टा बांधला आणि फुगवता फुगवता विचारलं, “आजी, आज कोणता दिवस?”

माझं सगळं डोकं तालायच्या अटीत अडकलेलं. “दुसरा,” मी म्हटलं. “एकच उरला.”

तिनं पट्टा सोडला. मग मऊ आवाजात विचारलं, “मुलाचं नाव आठवतं ना?”

“पोरी, मी त्याला जन्म दिलाय, तू नाही. त्याला निरोप दे, आई बरी आहे, घर गरम आहे, बटाटे तळघरात आहेत.”

“देते हं,” ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

सहा वाजता फोन वाजला तेव्हा मला वाटलं, ओरडून बघू. काच दोन बोटांवर, आवाज जाईलही. उचललेलाच नाही तर आवाज कसा जाणार, हे तुम्हाला कळतं, मलाही कळतं. पण समोर मुलाचं नाव थरथरत असलं की माणूस फार विचार करत नाही. मी काचेला तोंड लावलं आणि ओरडले, “तालाय, मी जेवले रे. काळजी करू नकोस. उचलता येत नाही एवढंच.” काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. ती डोक्याच्या रुमालानं पुसली, तर पलीकडे अंगणात कुलायिम आणि साल्किन उभ्या. कुलायिमच्या हातात झाकलेलं ताट होतं. ती मला तिथून दिसली, आणि मी तिला दिसले, खिडकीशी बोलताना.

त्यांनी ताट पायरीवर ठेवलं आणि हळूच फाटक ओढून गेल्या. ताटात पुऱ्या होत्या. कुलायिमनं मला पुऱ्या पाठवल्या त्या फक्त दोनदा, दोरोनबेकच्या मयताला आणि त्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला बर्फ पडला. तेव्हा मी ठरवलं, खिडकी उघडायची. पण शहाणपणानं.

किटली उकळत ठेवली आणि तिची वाफ पट्टीवर धरली. खळ हळूहळू सैल होते. मग सुरीचं बोथट टोक घालून पट्टी उचलायची, फाटू न देता, आणि टेबलावर पसरायची. दोन पट्ट्यांना अर्धा तास. दुपारपर्यंत टेबल भरलं. मग पलंग. मग मी दोरी बांधून वाळत घातल्या. सबंध स्वयंपाकघरात वाफ, दोरीवर लाल पेन्सिलीचे शेरे लोंबताहेत, आणि मी स्टुलावर उभी, हातात किटली. एकही पट्टी फाटली नाही. दोरोनबेक असते तर शेरा दिला असता, ‘रीत लांब, उत्तर बरोबर.’

तीन खिळे निघाले. चौथा तडा गेलेल्या काचेशेजारचा. मी पक्कड लावली तोच फोन वाजला. सहा वाजायला अजून दहा मिनिटं होती. हा शेवटचा, मी म्हटलं, हा गेला तर घर गेलं. आणि ओढली पक्कड.

काच खाली आली ती सगळी. मी हात घातला, कापसासकट फोन बाहेर काढला, बटण दाबलं.

“बोल बाळा,” मी म्हटलं. “उचलला बघ. तिसरा दिवस अजून संपलेला नाही.”

“आई,” तालायचा आवाज आला, एकदा फोनमधून आणि एकदा बाहेरून. “दार उघड.”

बाहेरच्या काचेपलीकडे तो उभा होता. कानाला फोन, टोपीवर बर्फ. मागे गाडी चालूच होती आणि गाडीमागे कुलायिम.

आत आल्यावर त्यानं काय बघितलं ते मी त्याच्या डोळ्यांनी बघितलं. वाफ. काचांचा खच. दोरीवर वाळत घातलेली गणितं. स्टूल, पक्कड, आणि आईच्या केसांत कापूस.

मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. खरं सांगणं मला एवढं जड कधी गेलं नव्हतं. प्रत्येक वाक्य तोंडातून निघेपर्यंत शहाणं वाटायचं, खोलीत पोचलं की वेडं.

“तीन दिवस फोन खिडकीत होता?” तालायनं विचारलं.

“हो.”

“तुला दिसत होता?”

“सारखा.”

“मी कितीदा फोन केला. तू ऐकत होतीस?”

“ऐकत होते ना. म्हणून तर एकटं वाटलं नाही.”

तो भिंतीकडे वळला आणि दोरीवरची एक पट्टी वाचत राहिला. त्याच्याच वहीची असावी. अक्षर त्याचं वाकडं होतं. मला वाटलं, आता हसेल. एकदा हसला असता तर मी सुटले असते. तो म्हणाला, “कपडे भर आई. या घरात आज कुणी निजू शकत नाही.”

ते मात्र खरं होतं. आतली काच नाही, बाहेरच्या चौकटीच्या फटींतून वारा सरळ आत येत होता. त्रेचाळीस वर्षं नाक घासून परत गेलेला. मीच त्याला पक्कड लावून आत घेतला होता.

कुलायिमनं किल्ली दोन्ही हातांनी घेतली. “जाऊबाई, नीट सांभाळते हं,” ती म्हणाली, आणि खरंच रडली. तिचं रडणं खोटं असतं तर बरं झालं असतं. तिचा मुलगा आणि सून नोव्हेंबरात राहायला आले. खिडक्या आता प्लॅस्टिकच्या आहेत म्हणे.

मी बिश्केकला बैठकीत सोफ्यावर निजते. रोज सकाळी त्याचा पलंग मिटवून सोफा करायचा, मग त्यावर आणखी कुणी बसायचं. इथल्या खिडक्यांनाही खळ लागत नाही; माझी सून नाझिरा म्हणते, एकाच बोटानं उघडतात. पट्ट्या मी पिशवीत आणल्या आहेत. अधूनमधून काढून वाचते. ‘पुन्हा सोडव.’

फोनही आहे. इथे रेंज भरपूर, अगदी मोरीतसुद्धा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी तो उगीच मांडीवर घेऊन बसते. वाजत नाही. करणारा मुलगा पलीकडच्या खोलीत असतो, दार लावून.