डावा मागं न्हाई ना?

शब्बीरचाचांनी एकदा चालत्या एस.टी.त समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी बडवला आणि तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरला गंभीरपणे विचारलं, ‘सायेब, डावा मागं न्हाई ना?’ कंडक्टर ‘न्हाई’ म्हणाला. त्याला शिवऱ्याचा थांबा यायच्या आत तिकिटं संपवायची होती.

डावा म्हणजे डावा हात. भोरच्या आमच्या बँडमध्ये चाचा पंचवीस वर्षं ड्रम वाजवत होते आणि मी की-बोर्ड. वरात संपली की नवरदेवाच्या बापापासून घोडेवाल्यापर्यंत जो सापडेल त्याला चाचा हेच विचारायचे. सगळे ‘न्हाई’ म्हणायचे. मीही म्हणायचो. खरं तर डावा हात तालात किंचित मागं पडायचा. पण सांगून वाईट कोण होणार?

मग आमच्या भागात इलेक्ट्रॉनिक पॅड आले. रबराच्या चकत्या, वर काठी मारली की कर्ण्यातून ढोल, ताशा, म्हणाल ते. लग्नवाले ‘पॅड हाय का?’ विचारूनच सुपारी द्यायला लागले. आमच्या बँडमालकांनी चाचांना तोंडावर सांगितलं, ‘तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी मला पॅड वाजवून दावा. न्हाई जमलं तर खुळखुळा धरा.’

ज्या माणसाच्या काठीवर अख्खी वरात नाचते, त्याच्या हातात खुळखुळा! तिसऱ्या दिवशी चाचा माझ्याकडं आले. ‘दिनकर, पुण्याला चल. शिकाऊ मानसाचा, स्वस्तातला पॅड घ्यायचाय.’

दुकानदारानं आठ चकत्यांचा पॅड काढला, आवाज वाढवला आणि असा वाजवला की मी तिथंच हो म्हणणार होतो.

‘आता आवाज बंद करून वाजवा,’ चाचा म्हणाले.

‘बंद करून?’

‘व्हय. निस्तं रबर वाजवा.’

मग त्यांनी चहा मागवला, पण प्यायला नाही. कप पॅडशेजारी काउंटरवर ठेवला आणि डोळे बारीक करून चहाकडं पाहत राहिले. काठी पडली, चहा हलला. ‘ह्यो नको.’ दुसरा पॅड आला. चहा हलला. ‘ह्यो बी नको.’ असे पाच पॅड झाले. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती, कुणीतरी हसलंही. दुकानदार वैतागून म्हणाला, ‘काका, पॅड वाजवायचाय का झोपवायचाय?’ मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कोपऱ्यातला एक धुळकट पॅड निघाला. चारच चकत्या, पण रबर मऊ. तेवढ्याच पैशात आठ चकत्यांचा मिळत होता! पण याच्याशेजारी चहावरची साय तशीच राहिली. ‘ह्योच द्या. आनि कानाला लावायचं बी द्या.’

भोर येईस्तोवर मी मनातल्या मनात धुसफुसत होतो. रविवारला जेमतेम तीन आठवडे होते आणि हे गृहस्थ चहाच्या सल्ल्यानं पॅड घेऊन आले होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, न राहवून मी त्यांच्या घरी गेलो. चाचांनी गेल्या काही वर्षांत कुणाला घरी बोलावलं नव्हतं. दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. चाचांनी ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. एकच खोली, आणि खाटेवर चाची. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून साधं भांडं पडलं तरी त्यांच्या डोक्यात कळ जायची, हे चाचांनी मला दारातच कुजबुजत सांगितलं. तालुक्यातला सगळ्यात गोंगाटी माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा अनवाणी वावरत होता. खाटेला लागूनच पॅड मांडलेला होता. चहा का हलायला नको होता ते मला तेव्हा कळलं, आणि माझीच मला लाज वाटली.

तीन आठवडे चाचांनी हेडफोन कानाला लावून सराव केला होता. त्या दिवशी चाचीच म्हणाल्या, ‘मला बी आइकू द्या की.’

चाचा घाबरले. मग आवाज अगदी बारीक करून त्यांनी हेडफोन चाचींच्या उशीवर, कानापासून वीतभर अंतरावर ठेवला आणि वाजवायला लागले. हेडफोन एकच, त्यामुळे त्यांना स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. ते चाचींच्या कपाळाकडं बघत वाजवत होते. कपाळाला आठी पडली. काठ्या हवेतच थांबल्या.

‘दुकलं का?’

चाची डोळे मिटूनच म्हणाल्या, ‘डावा मागं ऱ्हातोय.’

चाचांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मनगटानं डोळे पुसले. ‘लग्नापास्नं हीच सांगायची,’ ते मला हळूच म्हणाले. ‘चार वर्सं झाली, कुनी सांगितलंच न्हाई बग.’

मी खाली बघितलं. चाचांनी काठ्या पुन्हा उचलल्या होत्या.

रविवारी मालकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि खुळखुळा परत पेटीत टाकला. चाचा काठ्या पिशवीत घालून निघाले. कुणाला काही विचारलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. ‘चाचा, डावा मागं नव्हता बरं का.’

‘ठावं हाय,’ ते चपला घालता घालता म्हणाले. ‘सकाळी घरनं सांगूनच धाडलंय.’