कळदाब तज्ज्ञ

नागरिकांच्या तक्रारींना आणि अर्जांना उत्तरे देण्यासाठी जो स्वतंत्र कक्ष निर्माण करण्यात आला होता, त्या कक्षातील उत्तरलिपिकाच्या कीबोर्डवरची स्पेसची पट्टी एके दिवशी निकामी झाली. परिणामी त्या दिवशीची सर्व उत्तरे 'आपलीतक्रारविचाराधीनआहे' अशी एका दमात बाहेर पडली. एकाही नागरिकाने त्याविषयी कुरकुर केली नाही. उत्तरे कोणी वाचतच नाही, असा निष्कर्ष एखाद्या उथळ माणसाने काढला असता. उत्तरलिपिक उथळ नव्हता. त्याने पदरमोड करून नवा कीबोर्ड घ्यायचे ठरवले. कारण रीतसर मागणी केली असती, तर तो कीबोर्ड त्याच्या जागी येणाऱ्या माणसालाच मिळाला असता.

"काळा द्या," तो दुकानात म्हणाला.

दुकानदाराने त्याच्याकडे कणवेने पाहिले. "रंगाचं नंतर बघू. आत स्विच कोणता?"

प्रत्येक कळीखाली स्प्रिंगची एक डबी असते, तिला स्विच म्हणतात, हे उत्तरलिपिकाला तेव्हा कळले. एक जात मुकाट्याने खाली जाते. दुसरी वाटेत अडखळते, म्हणजे अक्षर उमटल्याचे बोटाला समजते. तिसरी अडखळते आणि वर टक्कन बोंबही मारते. उत्तरलिपिकाला आपल्या कार्यालयातली माणसे आठवली. तिथे चौथीही जात होती. ती नुसतीच बोंब मारत असे.

"आणि दाब?" दुकानदार म्हणाला. "पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे मऊ. साठ मध्यम. ऐंशीला मनगट लागतं. तुमचं बोट कितीचं आहे साहेब?"

पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला आजवर असे कोणी विचारले नव्हते. घरातल्या भिंतींचा रंग त्याला न विचारता लागला होता आणि कक्षातली त्याची खुर्ची त्याला न विचारता दाराशी सरकली होती. आपले बोट कितीचे असावे हे पाहायला त्याने ते दिव्याकडे धरून उलटसुलट केले.

त्या दिवसापासून तो बिघडला.

घरी स्विचांच्या डब्या जमू लागल्या. संध्याकाळी तो डोळे मिटून एकेक कळ दाबत बसे. "अहो, काही लिहिताय, की नुसतंच दाबताय?" पत्नीने विचारले.

"लिहितं काय, कोणीही. हा बघ. मऊ आहे, पण स्वाभिमानी. शेवटी जरा कडवटपणा सोडतो."

"इतकी वर्षं संसार झाला," पत्नी म्हणाली, "माझा हात नाही कधी असा डोळे मिटून धरलात."

त्याने ते ऐकले नाही. तो पन्नास आणि पंचावन्न ग्रॅमांतला फरक शोधत होता.

लवकरच कीबोर्डप्रेमी मंडळात त्याचा बोलबाला झाला. मंडळातल्या कोणालाही लिहिण्यासारखे काही सुचत नसल्याने कीबोर्ड नव्यासारखे राहत. तो बोट टेकवून ग्रॅम सांगे आणि बाकीचे माना डोलावत. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून जाहीर परीक्षा ठेवण्यात आली. सभागृह एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते. अध्यक्षांनी त्याला हाताला धरून टेबलाकडे न्यायला सुरुवात केली, मध्येच कोणाच्या तरी पायात अडखळून हात सोडला आणि उत्तरलिपिकाने भिंत चाचपत, जे पहिले हाताला लागले ते दाबले.

"अहाहा," तो म्हणाला. "कडक आहे, पण न्यायी. सहजासहजी ऐकत नाही; ऐकलं की मात्र पूर्ण शरण येतो. आणि तळाशी..."

कुठेतरी टिंग असे वाजले.

"तळाशी नाद आहे! सगळी यंत्रणा आपल्यासाठी हलल्यासारखी वाटते."

लिफ्टचे दार उघडले. आतला पाण्याच्या बाटल्या पोचवणारा माणूस म्हणाला, "खाली जायचंय का कुणाला?"

उत्तरलिपिकाने पट्टी काढली. आपले बोट लिफ्टच्या बटणावर आहे हे त्याने पाहिले, आणि ते सर्वांनी पाहिले आहे हेही पाहिले. परंतु त्याला चूक ठरवायचे, तर आजवर डोलावलेल्या मानांचे काय करायचे? अध्यक्ष खाकरले. "मी कधीपासून म्हणतोय," ते म्हणाले, "लिफ्टच्या बटणाला आपण न्याय दिलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खरे काय ते सांगून टाकावे म्हणून उत्तरलिपिकाने तोंड उघडले होते. टाळ्या थांबेपर्यंत ते मिटले.

पुढचे सगळे ओघानेच घडले. दुकानदाराने 'लिफ्टदाब' नावाचा कीबोर्ड बाजारात आणला आणि त्यासाठी रांगा लागल्या. ज्यांच्या बोटांना तो झेपत नसे, ते तो दिवाणखान्यात मांडून ठेवत. बातमी बड्या साहेबांपर्यंत गेली. आपल्याच कक्षात असे रत्न दाराशी बसते, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तत्काळ परिपत्रक काढले: कर्मचाऱ्यांच्या बोटांत, पर्यायाने निर्णयांत, दृढता यावी यास्तव सर्व टेबलांवर लिफ्टदाब बसविण्यात येत आहे. उत्तरलिपिकाची मानद कळदाब तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि त्याची खुर्ची खिडकीशी गेली.

"माझा अंगठा बघा कसा टम्म फुगलाय," नोंदणीबाई आठवड्याभरात म्हणाल्या. "ही असली कळ काढायची कोणाला सुचली?"

"कळ सोसल्याशिवाय कळ कळत नाही, बाई," उत्तरलिपिक म्हणाला. हे वाक्य साहेबांना इतके आवडले की त्यांनी ते भिंतीवर लावले. नंतर उत्तरलिपिक बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून बराच वेळ स्वतःचा अंगठा धरून उभा राहिला.

हळूहळू उत्तरे आखडू लागली. प्रथम 'महोदय' गेले. मग 'विचाराधीन' गेले, कारण तेवढी काना-वेलांट्यांची चैन कोणाच्या बोटांना परवडेना. जोडाक्षरे आजारपणाच्या रजेवर गेली. 'मंजूर' लिहायला अनुस्वार आणि दीर्घ उकार लागे, म्हणजे दोन्ही हात आणि थोडा खांदा. त्यामुळे मंजुऱ्या थांबल्या. राहिले 'नाही'. त्यातलाही आधी काना गळाला, मग 'ही' गळाले आणि सरतेशेवटी प्रत्येक अर्जावर एकच अक्षर जाऊ लागले: 'न'.

आणि अघटित घडले. आभाराची पत्रे येऊ लागली. लोक हार घेऊन आले. साहेबांना पारितोषिक जाहीर झाले. एवढे नकार देऊन जनता प्रसन्न का होते, हे कक्षात कोणालाच उमगेना. आणि ज्याचे कारण उमगत नाही ते यश तपासू नये, हा तिथला दंडकच होता.

त्याच सुमारास एका संध्याकाळी उत्तरलिपिकाची आत्या घरी आली. आईविना पोराला हिनेच वाढवलेले. तिच्या गल्लीतला दिवा कितीतरी दिवस बंद होता आणि मागच्याच महिन्यात ती अंधारात गटाराच्या कडेला पडली होती. हात अजून गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातात कागद होता.

"अरे, तुझ्या ऑफिसचं उत्तर आलं!" ती दारातूनच म्हणाली. "पूर्वी कसली लांबण लावायचे. आता बघ, एका अक्षरात काम. नक्की!"

उत्तरलिपिकाने कागदावरचे 'न' पाहिले. ते त्यानेच दाबले होते. दाबताना त्याने अर्जदाराचे नाव वाचले नव्हते. अंगठा फार दुखत होता.

"आता ती बॅटरी कशाला बाळगू? देऊन टाकली शेजारणीला," आत्या म्हणाली. "नक्की ना रे?"

पत्नी त्याच्याकडे रोखून पाहत होती. त्याने सगळे बळ एकवटले. "न..." तो म्हणाला, आणि पुढचे अक्षर काही केल्या फुटेना.

"मला ठाऊकच होतं," म्हणत आत्याने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ती जायला निघाली. बाहेर अंधारले होते. पत्नीने मोबाइलचा उजेड लावला, चपला सरकवल्या. "थांबा आत्याबाई, मी येते सोबत." नवऱ्याकडे तिने वळूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरलिपिक सर्वांच्या आधी कक्षात गेला. आत्याचा अर्ज त्याने पुन्हा काढला, बाह्या सरसावल्या आणि म दाबला. अनुस्वाराला त्याचे डोळे पाणावले. ज मुठीने दाबला, दीर्घ उकार कोपराने. आणि र वर तो अक्षरशः बसला. 'मंजूर' उमटले. किती दिवसांनी त्याने काहीतरी लिहिले होते! कोणता स्विच, किती ग्रॅम, याचा त्याला विसर पडला होता. दुखरा हात पोटाशी धरून त्याने तो कागद स्वतः दिवाबत्ती विभागात नेऊन दिला. गल्लीत दिवा लवकर लागेल ना, अशी पृच्छाही खाली जोडली.

चार दिवसांनी दिवाबत्ती विभागाचे उत्तर आले. तिथेही लिफ्टदाब बसवले होते.

उत्तरलिपिकाने कागद उघडला, एकच अक्षर वाचले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच पत्नीला फोन लावला.

"झालं बघ काम," तो म्हणाला. "नक्की म्हणालेत."

वाचकहो, हसा, अवश्य हसा. फक्त हसून झाले की तुमच्या अर्जाला आलेले उत्तरही एकदा काढून बघा. इतके दिवस तुम्ही ते कसे वाचत होता?