पळून राहिला

साहेब, तुम्ही एका धावणाऱ्या माणसाला फरार केलंत. तुमचं नाव घेत नाही. घेतलं तर तुमची बदली होईल, तिथेही माणसं आपापल्या बोलीत बोलत असतील, आणि मला त्यांची काळजी वाटते.

प्रकरण साधं होतं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतला जागेश्वर सोनकुसरे. बापापर्यंत घरात हातमाग; हा एका छापखान्यात मशीनवर. त्याला मॅरेथॉन धावायची होती. रविवारी निवड चाचणी होती आणि पहिले तिघे दिल्लीला जाणार होते. म्हणून तो झुंजूमुंजू होताच उमरेड रोडला लागायचा आणि ऊन चढेपर्यंत धावायचा. लांब धावायचं तर लांबच धावावं लागतं. एवढं एकच काम या देशात अजून ओळखीने होत नाही.

त्या सोमवारी हवालदार रुपरावांनी त्याला नाक्यावर अडवलं.

"काहून पळून राहिला गा?"

"प्रॅक्टिस करून राहिलो, हवालदारसाहेब."

"कोनाच्या मागं?"

"कोनाच्याच नाही."

"मंग तुह्या मागं कोन हाय?"

"कोनीच नाही."

पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, अंगावर चड्डी-बनियन. असा माणूस कुठल्याच कलमात बसत नाही, म्हणून त्याला चौकीत बसवण्यात आलं.

तिथे तुम्ही होतात. पुण्याकडून नुकतेच आलेले फौजदार, शुद्धलेखनाचे कडक. जागेश्वरने हात जोडून सांगितलं, "साहेब, मी गेल्या दिवाळीपासून रोज पळून राहिलो."

तुमचा पेन थबकला. तुमच्या मराठीत पळून राहिलेला माणूस धावत नसतो, दडलेला असतो. गुन्हा कोणता ते ठाऊक नव्हतं, पण कबुली हातात आली होती. गुन्हा काय, मागाहून शोधता येतो.

"कुठे कुठे राहिलास पळून?"

"उमरेड रोडनं. कधी कामठीकडं."

"घरच्यांना माहीत होतं?"

"घरवालीच उठवते साहेब. गूळ-शेंगदाने बांधून देते."

तुम्ही लिहिलंत: पत्नीकडून फरारीस अन्नपुरवठा.

रुपरावांना राहवलं नाही. "साहेब, आमच्या इकडं पळून राहिला म्हंजे धावत आहे."

"मग जेवून राहिला म्हणजे?"

"जेवत आहे."

"मरून राहिला?"

"मरत आहे, साहेब."

"म्हणजे मेलेला नाही?"

"टाइम आहे अजून."

"हवालदार, सरकार प्रमाण मराठीत चालतं. त्यात हा फरार आहे."

तेवढ्यात जागेश्वरची बायको पुष्पलता येऊन धडकली. "आमच्या मानसाले काहून बसवून ठेवलं? ते तं रोज पळाले जातेत अन् चहाच्या टाइमले वापस येतेत!"

तुम्ही तिच्या देखत नोंद केलीत: आरोपी रोज फरार होतो व रोज सापडतो. सराईत.

शेवटी हद्द सोडायची नाही आणि रोज पहाटे चौकीत हजेरी द्यायची, या अटीवर त्याला सोडलंत. आठवडाभर तो चौकीपासून नाल्यापर्यंत आणि नाल्यापासून चौकीपर्यंत धावला. नाल्यापलीकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द होती. शनिवारी त्याने चाचणीला जायची परवानगी मागितली.

"परवानगी हजर माणसाला मिळते," तुम्ही म्हणालात. "तू नोंदीप्रमाणे फरार आहेस."

"फरार आहो तं जाऊ द्या मले."

"जाऊ कसा देऊ? तू इथे हजर आहेस."

रविवारी जागेश्वर हजेरीला आला नाही. चाचणीच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. नोंद आधीच झालेली होती, घटना आता घडली.

आणि काय धावला! अर्धी शर्यत सरली तेव्हा तो तिसरा होता. चौकाचौकात लोक टाळ्या वाजवत होते. पुष्पलता रस्त्याच्या कडेनं पदर खोचून ओरडत होती, "दिल्ली! दिल्ली!"

मग तुमची जीप आली. भोंग्यातून शुद्ध मराठीत घोषणा झाली: "तिसऱ्या क्रमांकावरील इसम फरार आहे. नागरिकांनी सहकार्य करावे."

नागरिकांनी केलं. जे जन्मात बस पकडायला धावले नव्हते, ते टाळ्या अर्धवट सोडून त्याच्या मागे धावले. एकाने बनियन धरली, एकाने पाय ओढला, दोघे पाठीवर बसले. डांबरावर तोंड दाबलं गेलेला जागेश्वर एवढंच म्हणत होता, "अरे, मी पळून राहिलो, मले पळू द्या!" चौथा आलेला गडी बाजूने निघून गेला. दिल्लीला तोच गेला.

साहेब, तुमच्याकडून मला उत्तर नको. तुम्हाला आमची बोली कळत नव्हती, आणि न कळण्याचा पगार तुम्हाला मिळत होता.

मी विचारतोय ते त्या चौकातल्या नागपूरकरांना. म्हणजे तुम्हालाच, जे आता हे वाचून हसून राहिले. पळून राहिला म्हणजे काय, हे तुम्हाला आईच्या मांडीवर कळलं होतं. मंग त्याचा पाय काहून ओढला? बोला.