हरण्यासाठी मांडलेला डाव

पारोळ्याला रुपचंदआबांकडे त्यांच्या मुलीला, भूमिकाला मागणी घालायला नवीन आला आणि आबांनी बोलणी करायची सोडून बुद्धिबळाचा पट मांडला. "पाहुना शेतस तुम्ही. पांढरं तुमनं, काळं मनं."

भूमिकानं फोनवर बजावलं होतं, "आबांना जिंकू दे. मागच्या स्थळानं हरवलं, तर आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आणि मुद्दाम हरतोयस हे कळू देऊ नकोस!" नवीन जळगावच्या कॉलेजात चांगला खेळायचा. चांगल्या खेळाडूला वाईट खेळणं किती जड जातं, हे त्याला आज कळणार होतं.

मधली प्यादी सोडून त्यानं बाजूचं, घोड्यापुढचं प्यादं ढकललं. आबांनी मधलं प्यादं काढलं. नवीननं उंटापुढचंही प्यादं सरकवलं. राजा उघडा! आता काळ्या वजिराची एक खेळी, की मात. शेंबडं पोरही ती सोडणार नाही. आबांनी मिशी कुरवाळली आणि भलताच घोडा हलवला.

नवीनला घाम फुटला. त्यानं उंट दिला, आबांनी घोडा दिला. त्यानं हत्ती वाऱ्यावर सोडला, आबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आबा, हत्ती!" नवीनला राहवेना.

"दिखना मले. ऱ्हाऊ द्या त्याले."

आतून भूमिकाची आई कुंदाबाई ओरडल्या, "आवो, भरीत थंड व्हई ऱ्हायनं!"

घाईघाईत आबांनी आपला वजीर फुकट मरावा म्हणून थेट पांढऱ्या राजाला नेऊन भिडवला. पण त्याला मारणार कोण? नवीनचं सैन्य दानधर्मासाठी पटभर पांगलेलं. राजानं मारावं, तर मागे काळा उंट दबा धरून बसलेला. पळायलाही जागा नाही.

"मात!" नवीन आनंदानं ओरडला. "आबा, मी हरलो!"

आबांचा चेहरा पडला. "आरे देवा! मी ते हरासाठे बठेल व्हतू!"

"म्हणजे?"

"भूमिकानी मायनी दम देयेल व्हता. पोरगीले पोरगा पसंद शे, त्याले हरवशात ते जेवन भेटनार नही!"

नवीनचा जीव भांड्यात पडला. "आबा, मलाही भूमिकानं दम दिला होता. हरूनच ऊठ म्हणून."

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. आपलं दुःख समजणारा माणूस त्यांना या घरात पहिल्यांदाच भेटला होता.

"मंग जमनं," ते गहिवरून म्हणाले. "तुम्ही आमना घरमा टिकशात. चला, आते एक खरा डाव व्हऊ द्या!"

दोघांनी उत्साहानं मोहरे मांडले. नवीननं पहिलं प्यादं उचललं, तोच कुंदाबाई आणि भूमिका दारात आल्या.

"आधी जेवा!"

सासरे आणि जावई एकदम उठले.