रीमरकाकांची लांबची वाट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्या जोरावर कुणाविषयी लिहायला बसावं, हे मलाच धीटपणाचं वाटतंय. त्यात ज्यांच्याविषयी लिहितोय ते शेजारचे काका. चुकलंमाकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. काकू घेणार नाहीत.

रीमरकाका कधी मागं फिरत नसत. खोपोलीच्या कारखान्यात ते फिटर. सकाळी निघाल्यावर आळीच्या टोकाला डबा विसरल्याचं आठवलं, तर ते वळत नसत. तसेच पुढं जाऊन, नदीकाठानं सगळ्या आळीला वळसा घालून मागच्या दारानं घरी येत. काकू डबा घेऊन मागच्या दारातच उभ्या.

एकदा मी कॉलेजच्या मित्रांबरोबर आळीच्या टोकाला उभा असताना काकांना छत्रीची आठवण झाली.

"काका, घर हे काय, पाठीमागं," मी म्हणालो.

"पाठीमागं हाय म्हणूनच लांबनं जायचं रं!"

मित्र हसले. माझे कान तापले.

ह्याचं मूळ त्यांच्या पडवीत होतं. तिथं धातू कातायचा, पायानं चालवायचा जुना लेथ होता. सुटीच्या दिवशी काका तिथं आळीच्या सायकली आणि पंप नीट करत. भोक पाडायचं ते जरा लहानच. मग रीमर, म्हणजे लांब धारांचं एक हत्यार, हळूहळू फिरवत ते मापाला आणायचं. "रीमरला थोडं खायला ठेव," ते म्हणत. "जास्त ठेवलंस तर अडकंल, कमी ठेवलंस तर नुसता घासंल." आणि रीमर फिरवायचा तो सरळच. बाहेर काढतानासुद्धा सरळच. उलटा फिरवला की चुरा अडकतो, धार जाते, भोक ओरखडतं.

पडवीतला हा नियम रस्त्यावर आला तो सुमी घर सोडून गेल्यावर, असं काकू सांगत. सुमी त्यांची एकुलती मुलगी. तिनं नेरळच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा काका उंबऱ्यात उभे राहून ओरडले होते, "ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नको!" साऱ्या आळीनं ऐकलं. लग्नाला ते गेले नाहीत.

काकू मात्र सुमीकडे जाऊन येत. एकदा आल्या त्या सांगतच, "सुमीच्या शिलाई मशीनचं पायडल रस्त्यापर्यंत खडखडतंय."

काका लेथकडे बघत म्हणाले, "किती हलतंय?"

"कोण?" काकूंनी मुद्दाम विचारलं.

"पायडल."

पुढच्या खेपेला काकूंनी पायडलच्या मापाची एक जुनी पिन आणून समोर ठेवली. काकांनी तिच्यासाठी पितळेचा बूश, म्हणजे पिन बसायची छोटी नळी, केला. पिन अंगठ्यानं दाबली तशी अलगद आत गेली. ठोकायला नको, की हलायला नको. त्यांनी तो काकूंपुढं धरला.

"तुमचं तुमी द्या नेऊन," काकू म्हणाल्या.

मी पुढं झालो. "मी देतो, काका."

"नको." मग खाली बघून, "कुठल्या तोंडानं जाऊ रं?"

ते मला विचारत होते. कॉलेजात शिकतो म्हणून असेल. 

त्यानंतर दर रविवारी काका नेरळला जाऊ लागले. संध्याकाळी धुळीनं माखून परत येत. बूश खिशातच.

"घर सापडलं नाही?" मी विचारलं.

"सापडलं की. दारापर्यंत गेलो. पाय थांबंनात." आणि मागं फिरायचं नाही, म्हणून ते माथेरानच्या चढापर्यंत जाऊन दुसऱ्या रस्त्यानं स्टेशन गाठत. आळीत ह्यावर फार हसणं व्हायचं. काकू घरातून बाहेर पडेनाशा झाल्या.

मग परीक्षेसाठी मी मामांकडे ठाण्याला राहिलो. परत आलो त्या दिवशी आमच्या आळीतला टेंपोवाला दत्तू मला स्टेशनबाहेर भेटला.

"ऐकलंस का? रविवारी विटा घेऊन नेरळला होतो. तुझा रीमरकाका सुमीच्या दारावरनं पुढं गेला, नेहमीसारखा. चढापर्यंत गेला. उभा राहिला. खिशात हात घातला."

"मग?"

"फिरला रं! आल्या वाटंनं. मी विटा खाली करून त्या घरावरनं आलो, तर मशीन चालू होतं, पण खडखड थांबली होती."