लिटरमागे कॉम्प्युटर

रेवणसिद्ध गुरुजींनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा उदगीरच्या त्यांच्या गल्लीत नळाला पाणी येऊन तेवीस दिवस झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं गुरुजींना अजिबात वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात उदगीरला बोलायला दोनच विषय होते. पाणी कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. गुरुजींना दुसऱ्याची ओढ जास्त. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की अर्ज येणार, आणि अर्ज तर आता कॉम्प्युटरवरच भरायचे. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज भरून देण्याइतकं मोठं सुख दिसत नव्हतं. पण यंत्र पारखून घ्यायला हवं. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि विंडोजवाला, लिनक्सवाला आणि सफरचंदाची खूण असलेला, असे तीन रकाने पाडले. वेग, आयुष्य, वीज, दुरुस्ती, व्हायरसची भीती, प्रत्येकाला गुण. पंधरा दिवस लोकांना विचारून विचारून बेरीज केली, तर लिनक्सवाला पहिला आला. त्याला व्हायरसची फारशी भीती नाही आणि आतली प्रणालीही फुकट.

वही घेऊन ते गुरुपादप्पांच्या दुकानात गेले. गावात कॉम्प्युटरचं मोठं दुकान त्यांचंच, आणि दुकानामागच्या बोअरला त्या दिवसांतही पाणी होतं. लोक टँकरसाठी दाराशी बसत. पण गुरुपादप्पा देवभोळे. पाणी विकणं पाप आहे, आमच्या घराण्यात कोणी विकलेलं नाही, असं सांगून ते सगळ्यांना परत पाठवत. कॉम्प्युटर विकण्याबद्दल मात्र घराण्यात काही नियम नव्हता. म्हणून त्यांनी दुकानावर पाटी लावली होती. विंडोजवाल्यासोबत, पाऊस पडेपर्यंत, दर आठवड्याला हजार लिटर पाणी सप्रेम भेट. सफरचंदवाल्यासोबत तीन हजार. लिनक्सवाल्यासोबत एक जार.

गुरुजींनी घरी येऊन ही गंमत बायकोला सांगितली. रत्नम्मा हसली नाही. तिनं वही मागून घेतली, सगळ्यात खाली एक ओळ आखली आणि "पाणी" असं लिहिलं.

"ह्येला किती गुण द्यायचे?" तिनं विचारलं.

"अगं, पाण्याचा आन् कॉम्प्युटरचा काय संबंध? लिनक्सला व्हायरस लागत न्हाई."

"व्हायरस न्हाई, पण पाणी बी न्हाई. चार दिवस झाले, मी डोक्यावरून पाणी घेतलं न्हाई. तुमच्या व्हायरसला घेऊन काय करू?"

नव्या ओळीला तिनं शंभरपैकी पाचशे गुण दिले. गणिताच्या शिक्षकाला ते बघवलं नाही, पण बेरीज तर तिनं बरोबर केली होती. निवृत्तीच्या पैशातून सफरचंदवाला आला, आणि त्याच्या मागोमाग टँकर. गल्लीतल्या लोकांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्ज भरायला कोणी आलं नाही, कारण जिल्हा अजून झालाच नव्हता. सल्ला घ्यायला मात्र ओसरीवर रांग लागली. पहिले आले शेजारचे शेषेराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. तुमच्यासारखाच घ्यावा म्हणतो, ते म्हणाले, फक्त त्याचं स्टोरेज किती ते सांगा. गुरुजींना आनंद झाला. एवढा मुद्द्याचा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता.

"एक टीबी," ते म्हणाले.

शेषेराव विचारात पडले. "एवढं कुठं ठिवू? माझ्याकडं दोनच पिंपं हायत."

गुरुजींनी मग सगळ्यांसाठी नवं कोष्टक केलं. घरात माणसं किती, पिंपं किती, त्याला साजेसा कॉम्प्युटर कोणता. शेषेरावांना विंडोजवाला बसला. कोणी हप्त्यांनी घेतला, कोणी दोन घरांत मिळून एक. महिन्याभरात त्या एका गल्लीत अकरा कॉम्प्युटर आले. त्यातले दहा खोक्यातच होते.

ही बातमी पेपरात आली. दुष्काळातही कॉम्प्युटर घेणारी गल्ली, असा मथळा होता. तो वाचून, नव्या जिल्ह्याच्या प्रस्तावाला अशी गल्ली शोभून दिसेल असं कोणाला तरी वाटलं, आणि तहसीलमधून पंचशीला मॅडम पाहणीला येणार असा निरोप आला.

 दोन दिवस गुरुजी घरोघर जाऊन खोकी उघडत होते. एका घरात खोक्यावर पिठाचा डबा होता, एका घरात खोक्याआड मांजरीनं पिल्लं घातली होती. बटण कुठलं हे त्यांनी दाखवलं आणि एकच वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. मॅडमनी काही विचारलं की म्हणायचं, "माहिती घेतो."

पंचशीला मॅडम आल्या, त्या थेट शेषेरावांच्या घरी शिरल्या, मागोमाग गुरुजी. कॉम्प्युटर चालू होता. शेषेरावांची बायको तुळजाबाई त्याच्याशेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"काय काय करता यावर?" मॅडमनी मायेनं विचारलं.

तुळजाबाईला पाठ केलेलं आठवेना. तिनं गुरुजींकडे पाहिलं, मग खरं ते सांगून टाकलं.

"आंघोळ."

 आपलं उत्तर अपुरं पडलं असं वाटून तिनं जोडलं, "धुणं बी."

"आठवड्याला एकदाच," शेषेरावांनी सावरून घेतलं.

मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खाली मान घालून पाटीपासून पिंपांपर्यंत सगळं सांगितलं. मॅडम कोपऱ्यातल्या भरलेल्या पिंपाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या घरीही नळ कोरडाच होता. मग त्यांनी पेन काढलं आणि अहवालात लिहिलं की, या गल्लीत कॉम्प्युटर हा प्रत्येक कुटुंबाच्या रोजच्या जगण्याचा आधार झाला आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या दारात टेम्पो उभा राहिला. गल्लीला बक्षीस आलं होतं, एक प्रमाणपत्र आणि नवाकोरा कॉम्प्युटर. गुरुजींचे डोळे भरून आले. रत्नम्मा दोन्ही हातांत घागरी घेऊन धावत बाहेर आली. तिच्यामागं अख्खी गल्ली, पिंपं लोटत.

"टँकर मागून येतोय का?" तिनं टेम्पोवाल्याला विचारलं.

टँकरचं आपल्याला काही माहीत नाही, नुसता कॉम्प्युटर आहे, तोही फुकट, असं तो म्हणाला.

"निस्ता?"

"निस्ताच."

रत्नम्मानं गल्लीकडे पाहिलं. तुळजाबाईनं पिंप माघारी वळवलं होतं.

"मग घेऊन जा, बाबा," रत्नम्मा म्हणाली. "आमच्याकडं ठिवायला जागा न्हाई."

टेम्पोवाला गुरुजींकडे बघू लागला. गुरुजींनी प्रमाणपत्र तेवढं काखेत धरलं आणि खोकं परत टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला.