किसनतात्यांची चित्रमोजणी

आमच्या बारामतीच्या वाचनालयात किसनतात्या पुस्तक वाचत नाहीत, मोजतात. खिशातून स्टीलची पट्टी काढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पानावरच्या चित्रांच्या चौकटी मापायला लागतात. सांगवीचा माणूस. उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला. माणूस निवृत्त झाला, हात काही झाला नाही.

मी तिथला ग्रंथपाल. कोणा भल्या माणसानं कपाटभर चित्रकादंबऱ्या भेट दिल्या, तेव्हा वाटलं, आता पोरं येतील. पोरं कसली येतायत! आले ते हे अडुसष्ट वर्षांचे तात्या. एकदा त्यांच्याकडून पुस्तक परत आलं, तर प्रत्येक चित्रावर पेन्सिलीनं गट नंबर! एक, दोन, तीन-अ, तीन-ब. माझं डोकंच फिरलं.

"अहो तात्या, हे वाचनालयाचं पुस्तक आहे, सातबारा नव्हे!"

"मग पोटहिस्सं कसं कळायचं, सर? चित्रं काढणाऱ्या बाईनं एका खोलीची तीन चित्रं केल्यात. काम चोख हाय तिचं."

इंग्रजी त्यांना जेमतेम, पण अडत नाही. युद्धातून पळालेल्या कुटुंबाची गोष्ट झाली, आजारी बापाची सेवा करणाऱ्या मुलाची झाली. एका पुस्तकात तर एकही शब्द नव्हता, ते तीनदा नेलं. जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. "मोजणी उगवतीकडनं धरली हाय," म्हणाले. नकाशात पूर्व उजव्या हाताला असते ना!

दोन चित्रांमधल्या कोऱ्या पट्टीला ते बांध म्हणतात. "भांडण रानात नसतंय, बांधावर असतंय. पयल्या चित्रात बाई हसती, दुसऱ्यात रडती. मधी काय झालं? बांधावर बगा." ह्याच विषयावर एका प्राध्यापकांनी आमच्याकडे तासभर भाषण ठोकलं होतं.

एवढं वेड कशापायी, ते मला गेल्या महिन्यात कळलं. त्यांची मुलगी प्रज्ञा नोकरीची परीक्षा सोडून चित्रं काढायला पुण्याला निघाली, तेव्हा "पुन्हा उंबरा चढू नगंस" असं तात्या बोलून बसले. सहा वर्षं अबोला. आणि आता तिची चित्रकादंबरी येणार होती, तीही आपल्याच घरावर! पोरीनं आपल्याला कसं काढलं असेल, ह्या धास्तीनं तात्यांची झोप उडालेली. तिचं काम समजावं म्हणून हा गडी माझं कपाट उपसत होता.

पुस्तक आलं. त्या दिवशी तात्यांनी पट्टी काढलीच नाही. चाळीसाव्या पानावर थांबले. एका चित्रात दाराकडं पाठ फिरवून उभा बाप, पुढच्या चित्रात सांगवीच्या थांब्यावर पिशवी घेतलेली पोरगी. एकटी.

"सर, हितं मी हाय," त्यांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

"कुठं? कुणीच नाही की, तात्या."

"तिला दिसलो न्हाय. उसाच्या ट्रॉलीमागं हुतो. एष्टी हालंपर्यंत." त्यांचं बोट चित्रावरच होतं. "तिला वाटतंय, बाप आलाच न्हाय."

मी म्हटलं, "मग फोन लावा की आत्ताच्या आत्ता!"

"बोलाया जमत न्हाय वो मला. कागद द्या."

माणसं काढता येत नाहीत त्यांना. त्यांनी नकाशा काढला. रस्ता, थांबा, एष्टी, ट्रॉली, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. ट्रॉलीमागं बारीक फुली मारली आणि थांब्यापासूनचं अंतर लिहिलं, पावलं एकवीस. सहा वर्षांनी! खाली लिहिलं, "मी इथे होतो. बाबा."

त्यांच्याच मोबाईलवरून मी फोटो धाडला. प्रज्ञाचा नंबर होता त्यात, कधी न लावलेला.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. तोच नकाशा. फक्त थांब्यापासून फुलीपर्यंत तिनं चिमुकली पावलं काढली होती, एकवीसच्या एकवीस, फुलीकडं चाललेली.

तात्या ढसाढसा रडले. पलीकडे पेपर वाचणारे एक गृहस्थ "शूऽऽ" म्हणाले. त्या गृहस्थांनाच मी बाहेर काढलं.